मार्चअखेरचा हिशेब

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी बीड जिल्ह्याने एकाच दिवसात दोन मंत्री घरी बसवले. परळीत ग्रामविकासमंत्री पंकजा मुंडे चुलतभाऊ धनंजय मुंडे यांच्याकडून ३०,७०१ मतांनी हरल्या. बीड शहरात रोजगार हमी मंत्री जयदत्त क्षीरसागर पुतणे संदीप क्षीरसागर यांच्याकडून दोन हजारांहून कमी मतांनी पडले. दोन्ही ठिकाणी भावकीच समोरासमोर असल्याने निकालाच्या बातम्या घरभांडणाच्या अंगाने रंगल्या. कोणी कोणाचा वारसा पळवला, थोरल्या साहेबांच्या, म्हणजे पंकजांचे वडील गोपीनाथ मुंडे यांच्या मनात कोण होतं, यावर परळीच्या हॉटेलांत चहाच्या फेऱ्या झडल्या.

परळीच्या लढतीला मात्र भावकीपलीकडची एक बाजू होती. आव्हान देणारा उमेदवार त्याआधी जवळजवळ पाच वर्षं विधान परिषदेत विरोधी पक्षनेता होता. त्या खुर्चीवरून त्याने ज्या मंत्र्यांच्या खात्यांचा हिशेब मागितला, त्यात परळीच्या आमदारही होत्या. सरकारी खरेदी कशी झाली, निविदा का निघाली नाही, बाजारात स्वस्त मिळणारी वस्तू सरकारला महाग का पडली, असे ते प्रश्न होते. खर्चाचा जाब विचारणारा माणूस त्याच आमदाराच्या मतदारसंघात उभा राहतो आणि जिंकतो, असं आपल्याकडे क्वचित घडतं. म्हणून त्या हिशेबाचं पुढे काय झालं, हे तपासायला हवं.

एका दिवसातले चोवीस निर्णय

१३ फेब्रुवारी २०१५. देवेंद्र फडणवीस यांचं सरकार येऊन साडेतीन महिने झाले होते. त्या एका दिवशी पंकजा मुंडे यांच्याकडे असलेल्या महिला व बालविकास विभागाने खरेदीचे चोवीस शासन निर्णय काढले. रक्कम २०६ कोटी रुपये. अंगणवाडीतल्या मुलांसाठी चिक्की, बसायला सतरंज्या, ताटं, पुस्तकं, औषधांचे संच, पाण्याची गाळणयंत्रं अशी ती यादी. तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा काढण्याचा दंडक असताना ही खरेदी दरकरारावर झाली, म्हणजे आधी ठरलेल्या दराने थेट पुरवठादाराला आदेश.

जूनमध्ये काँग्रेसच्या सचिन सावंत यांनी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार केली. शेजारच्या नगर जिल्ह्यातून चिक्कीत माती निघाल्याची तक्रार आली. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात धनंजय मुंडे यांनी परिषदेत हा विषय लावून धरला आणि त्या प्रकरणाला 'चिक्की घोटाळा' हे नाव कायमचं चिकटलं.

पंकजा मुंडे यांचं उत्तरही नोंदलं पाहिजे. दरकराराची पद्धत आम्ही आणली नाही, आधीच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारच्या काळातही खरेदी अशीच होत होती, आणि ३१ मार्चपूर्वी खर्च झाला नसता तर केंद्राचा निधी परत गेला असता, असं त्यांचं म्हणणं. २०१६ च्या अखेरीस लाचलुचपत विभागाने त्यांना निर्दोष ठरवलं. प्रकरण पुढेही उच्च न्यायालयात रेंगाळत राहिलं, पण त्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही.

या गदारोळात एक टिकाऊ गोष्ट घडली. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्य सरकारने कार्यालयीन खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली. निविदा कधी, दरपत्रकं किती, दरकरार कोणी करायचा, हे एका जागी आलं. पुढच्या वर्षी केंद्राच्या जेम पोर्टलवरून खरेदीचा मार्ग खुला झाला. २०१६ च्याच डिसेंबरात सरकारने आणखी एक धोरण ठरवलं. शेतकऱ्याला किंवा लाभार्थ्याला वस्तू विकत घेऊन देण्याऐवजी तिचे पैसे थेट त्याच्या खात्यावर टाकायचे. पंप असो की ताडपत्री, घेणारा बाजारात भाव करून घेईल, मधल्या खरेदीत हात मारायला जागाच राहणार नाही, हा त्यामागचा विचार. सत्ताधारी आणि विरोधक भांडले, त्या भांडणाच्या काळात राज्याच्या पदरात दोन चांगले नियम पडले. लोकशाहीत विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याचा दर्जा, गाडी, बंगला का देतात, याचं उत्तर इथे मिळतं.

पुढचा वाद मोबाईलचा. अंगणवाडी सेविकांनी मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी कागदी रजिस्टरांऐवजी फोनवर कराव्यात, म्हणून याच विभागाने शंभर कोटींच्या वर रकमेचे फोन घेतले. २०१९ च्या मार्चमध्ये धनंजय मुंडे यांनी आरोप केला की हे फोन बाजारभावापेक्षा महाग घेतले. विभागाने तो फेटाळला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हेच फोन सरकारला परत करायला सुरुवात केली. फोन तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचे पैसे पदरचे जातात, नवं ॲप त्यात चालत नाही, ही त्यांची तक्रार. तेव्हा आरोप करणारे मुंडे महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात सामाजिक न्यायमंत्री होते. फोनच्या दराचा प्रश्न विचारून अडीच वर्षं झाली होती, आणि आता तो विचारण्याचं ओझं मानधनावर काम करणाऱ्या बायकांच्या डोक्यावर आलं होतं.

परळीने कशावर मत दिलं?

हिशेब मागणारा जिंकला म्हणून लोकांनी हिशेबावर मत दिलं, असं म्हणायला मन धजत नाही. २०१९ च्या प्रचारात दसऱ्याला सावरगावच्या मेळाव्याला अमित शहा आले, १७ ऑक्टोबरला परळीत खुद्द पंतप्रधानांची सभा झाली. धनंजय मुंडे यांचा भर स्थानिक होता: राज्याचं ग्रामविकास खातं परळीच्या घरात, मग परळीचे रस्ते आणि नळ असे का? हा प्रश्न लोकांच्या रोजच्या जगण्यातला होता. शेवटच्या दोन दिवसांत मात्र धनंजय यांच्या एका भाषणाची चित्रफीत फिरली, अश्रू आले, पंकजाताईंना सभेत भोवळ आली, आणि प्रचार नात्यागोत्यावर जाऊन संपला.

आमदाराच्या हातात पैसा किती, हे मात्र गावातला माणूस नेमकं जाणतो. त्याच्या तोंडी लेखाशीर्षांचे आकडे असतात. 'पंचवीस-पंधराचं काम आलंय' म्हटलं की सरपंचाला कळतं, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांसाठी ग्रामविकास खात्यातून येणारा तो पैसा. सभामंडप, सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक त्यातून होतात. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वेगळा. तो २०२१ मध्ये वर्षाला चार कोटी आणि २०२२ मध्ये पाच कोटी झाला. शिवाय जिल्हा नियोजन समितीतला वाटा. काम कोणाला मिळणार, हे ते मंजूर होण्याआधीच गावाला ठाऊक असतं. त्यामुळे मतदार हिशेबाबाबत अडाणी नाही. त्याला हिशेब कळतो, आणि आपल्या वाट्याला काय येईल हेही कळतं. निवडणुकीत दुसरा विचार पहिल्यावर मात करतो.

हिशेब मागणाऱ्याचं पुढे काय होतं, हे या घराण्याचा इतिहासही सांगतो. नाथ्राच्या गोपीनाथ मुंडे यांनी १९९१ ते ९५ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते म्हणून शरद पवारांच्या सरकारला सळो की पळो करून सोडलं. एन्रॉनच्या वीजकराराचा हिशेब हे त्यांचं एक मोठं हत्यार होतं. १९९५ ला युतीचं सरकार आलं, ते उपमुख्यमंत्री झाले, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या उपसमितीने करार रद्द करण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये तो रद्दही झाला. पुढच्या जानेवारीत एन्रॉन फेरवाटाघाटी करून परत आली, प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन. विरोधात बसून विचारलेल्या प्रश्नांचं सत्तेत काय होतं, हे परळीच्या एका घरात दोन पिढ्यांनी पाहिलं.

कर भरणारा जिल्हा

बीडबद्दल एक समज पक्का आहे: हा घेणारा जिल्हा. दुष्काळी अनुदान, टँकर, छावण्या, रोजगार हमी, सगळं सरकारच्या कृपेने. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात त्यांचा हंगाम सरतो. ही माणसं कर कुठे भरतात, असं पुण्या-मुंबईत बसून विचारलं जातं.

उत्तर पेट्रोल पंपावर आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून सरकारने दुष्काळनिधीसाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. दारू, सिगारेट, सोनं यांवरही कर वाढला. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी त्यातून १,६०० कोटी मिळतील असं सांगितलं. तेव्हा मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी अधिभार खाली आला नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये पेट्रोलवरचा अधिभार लिटरमागे सहा रुपयांवरून नऊ रुपये झाला. दुष्काळाच्या नावाने लावलेला हा कर बीडच्या दुचाकीस्वाराने, टेम्पोवाल्याने, ऊसतोडीच्या टोळीने इतरांइतकाच भरला. निवडणुकीच्या सभेत त्याचा हिशेब गाजल्याचं ऐकिवात नाही.

पीकविम्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. वारंवारच्या भरपाईमुळे खासगी कंपन्या बीडकडे फिरकेनात, तेव्हा २०२० च्या खरिपात इथे नवी पद्धत लावली गेली. ती पुढे देशभर 'बीड पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांपुढे गेली तर वरचा भार सरकारने उचलायचा. ती ८० टक्क्यांखाली राहिली तर कंपनीने वीस टक्के ठेवून बाकीचं सरकारला परत करायचं. पहिल्याच हंगामात जमलेला एकूण हप्ता सुमारे ७९८ कोटी रुपये होता, आणि शेतकऱ्यांना मिळालेली भरपाई त्या मानाने नगण्य. हप्त्याचा मोठा भाग राज्याचा आणि केंद्राचा, म्हणजे करदात्यांचा. कंपनीची तोट्यापासून सुटका झाली, सरकारला उरलेला पैसा परत मिळणार होता, आणि ज्याच्यासाठी योजना होती तो तहसीलच्या पायऱ्यांवर बसला. देशाने उचललेल्या या नमुन्याचा जमाखर्च जिल्ह्याच्या सहा आमदारांपैकी किती जणांनी आपल्या मतदारांपुढे मांडला?

कराबद्दल लोकांच्या मनात काय असतं, याचं एक चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. पांगरीच्या वैद्यनाथ साखर कारखान्यावर जीएसटी विभागाने १९ कोटींच्या थकबाकीपोटी कारवाई केली. पंकजा मुंडे अध्यक्ष होत्या, कारखाना दुष्काळ आणि नुकसानीमुळे अडचणीत आल्याचं त्यांनी सांगितलं. समर्थकांनी मात्र वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. ताईंनी ते पैसे घेतले नाहीत. पण कर का थकला, हा सभासदाने विचारायचा प्रश्न बाजूला राहिला आणि नेत्याची अडचण ती आपली अडचण झाली. ही माया खोटी नाही. उसाच्या फडात हाल काढणाऱ्यांना मुंडेसाहेबांनी पहिल्यांदा आवाज दिला, त्याची ती परतफेड आहे. तीच माया हिशेबाच्या मात्र आड येते.

पुन्हा मार्च

२०२३ च्या जुलैमध्ये धनंजय मुंडे महायुती सरकारात कृषिमंत्री झाले. १२ मार्च २०२४ रोजी त्यांच्या विभागाने एक शासन निर्णय काढला. नॅनो युरिया, नॅनो डीएपी, बॅटरीवरचे फवारणी पंप, गोगलगाईंसाठीचं कीटकनाशक, कापूस साठवणुकीच्या पिशव्या या वस्तू पैसे खात्यावर टाकण्याऐवजी महामंडळांमार्फत विकत घेऊन शेतकऱ्यांना देण्याची ती वाट होती. २०१६ च्या डिसेंबरात ठरलेल्या धोरणाला हा अपवाद होता.

४ फेब्रुवारी २०२५ रोजी सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी पत्रकार परिषदेत या खरेदीचे दर मांडले. नॅनो युरियाची ९२ रुपयांची बाटली २२० रुपयांना घेतली, पंप हजार रुपयांनी महाग घेतला, आणि एकूण ८८ कोटींचा घोटाळा झाला, हा त्यांचा आरोप. मुंडे यांनी तो साफ नाकारला: खरेदी नियमांनुसार, निविदा काढून झाली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने या निर्णयाविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि मुंडे यांना दिलासा मिळाला.

म्हणजे इथेही आरोप झाला, नकार आला आणि कायद्याने दोषी कोणीच ठरलं नाही. बहीण-भावाची ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की गुन्हेगार सापडत नाही, पण पद्धत सापडते. एक निर्णय १३ फेब्रुवारीचा, दुसरा १२ मार्चचा. आर्थिक वर्ष संपायला पहिल्या वेळी जेमतेम साडेसहा आठवडे होते, दुसऱ्या वेळी तीनही नव्हते, आणि चारच दिवसांनी लोकसभेची आचारसंहिता लागली. दोन्ही वेळा नियम होता, दोन्ही वेळा त्याला वळसा घालणारा अपवाद वैध मार्गाने निघाला. दोन्ही वेळा वस्तू गरिबांच्या नावाने घेतल्या: एकदा अंगणवाडीतल्या मुलाच्या, एकदा कोरडवाहू शेतकऱ्याच्या. घेणाऱ्याला वस्तू निवडण्याची मुभा नव्हती, आणि दर त्याला आरोप झाल्यावर कळला.

मार्चअखेरची ही घाई सगळ्या सरकारांना ठाऊक आहे. वित्त विभाग फेब्रुवारीच्या मध्यानंतर नव्या खरेदीवर निर्बंध घालणारं परिपत्रक काढतो, ते याच घाईमुळे. पण परिपत्रकालाही अपवाद असतात. मार्चमध्ये अधिवेशन चालू असतं, मागण्यांवर चर्चा होते, वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर होतात. महालेखापरीक्षकांचे अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, तेव्हा बोलायला कोणी उरत नाही. हिशेब मागायची हत्यारं सभागृहाकडे आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, लोकलेखा समिती, परिषदेत नियम २८९ खाली कामकाज बाजूला ठेवून चर्चा. ती चालवणारा मात्र विरोधी बाकावर असावा लागतो, आणि बीडचे नेते तिथे फार काळ बसत नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये तर दोघे बहीण-भाऊ एकाच मंत्रिमंडळात होते. त्याआधी नोव्हेंबरात परळीतून धनंजय मुंडे १ लाख ४० हजारांहून अधिक मतांनी जिंकले होते. २०१९ मध्ये एकमेकांचा हिशेब मागणारी दोन्ही घरं एका बाजूला गेल्यावर परळीत आव्हान उरलं ते नावापुरतं.

कवच कोणाला?

प्रश्न विचारायचे थांबले नाहीत. ते विचारले आष्टीचे भाजप आमदार सुरेश धस यांनी, म्हणजे सत्तेतल्याच माणसाने. एक रुपयात पीकविम्याच्या योजनेत दुसऱ्यांच्या आणि सरकारी जमिनींवर विमा उतरवल्याचे, नियोजन समितीची कामं न करताच बिलं उचलल्याचे आरोप त्यांनी केले. पालकमंत्री झालेल्या अजित पवारांनी नियोजन समितीच्या कामांच्या चौकशीचे आदेश दिले. एक रुपयाची विमा योजना २०२५ मध्ये बंद झाली. तीत घुसलेल्या बोगस अर्जांची शिक्षा प्रामाणिक शेतकऱ्यालाही मिळाली, कारण आता त्याला पूर्वीसारखा हप्ता भरावा लागतो.

पण धस यांना बोलायला आमदारकी होती. सभागृहात जे बोललं जातं त्याला विशेषाधिकाराचं कवच असतं. गावात ते नसतं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि त्यांना हाल करून मारण्यात आलं. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, म्हणून हे घडलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. मुख्य आरोपी वाल्मीक कराड हे धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय म्हणून ओळखले जात. ४ मार्च २०२५ रोजी मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण जिल्ह्याने त्यातून घेतलेला धडा साधा आहे: मुंबईत प्रश्न विचारणाऱ्याचं राजकारण वाढतं, गावात आड येणाऱ्याचा जीव जातो.

म्हणूनच बीडमध्ये हिशेब मागायचं काम एका धाडसी उमेदवारावर सोपवून चालत नाही. तो उमेदवार हरला तर प्रश्न हरतात आणि जिंकला तर प्रश्न विसरले जातात. महाराष्ट्राने माहितीचा अधिकार देशाच्या आधी, २००२ मध्ये आणला. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने कार्यालयांवर बंधन घातलं की माहिती कोणी मागायच्या आत स्वतःहून जाहीर करावी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करणाऱ्याचं नाव गावात लगेच कळतं आणि मग त्याला फोन येऊ लागतात. माहिती आधीच भिंतीवर असेल तर ती मागणारा माणूसच लागणार नाही.

पुढच्या निवडणुकीत परळी, केज किंवा गेवराईत कोणी विद्यमान आमदाराला खर्चावरून आव्हान देईल, तेव्हा त्याच्याकडून घोटाळ्यांच्या आकड्यांपेक्षा तीन गोष्टींचं लेखी वचन घ्यावं. खरेदीच्या नियमाला अपवाद करणारा प्रत्येक निर्णय, कारण आणि सही करणाऱ्याच्या नावासह, त्याच दिवशी जाहीर होईल. वस्तू ज्या अंगणवाडीत किंवा ज्या गावात पोचेल, तिथेच तिचा दर फलकावर लागेल. आणि आमदार निधीतल्या प्रत्येक कामाचं बिल निघण्यापूर्वी ते ग्रामसभेत वाचलं जाईल. यातल्या शेवटच्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही. ती पहिल्या वर्षीच करता येते, आणि ती केली नाही तर पुढच्या मार्चपर्यंत थांबायची गरज नाही. गावाने त्याच ग्रामसभेत विचारावं.